पोलोचा मीटर बदलायचा, पण किलोमीटरचा आकडा कसा जपायचा?

प्रश्न थोडक्यात असा. २०१३ ची फोक्सवॅगन पोलो, पेट्रोल. मीटरच्या मधल्या डिस्प्लेवरच्या आडव्या ओळी आधी पुसट झाल्या, मग सगळा डिस्प्ले काळा पडला. काटे मात्र चालू आहेत. शेवटचं वाचलेलं रीडिंग १,१२,३८४. कुर्ल्याहून जुना मीटर आणून लावला, त्यावर ४१ हजारांच्या आसपास आकडा दिसतो, शेजारी 'सेफ' असं येतं आणि इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं. गॅरेजवाला म्हणतो, 'चिपवर काम करून देतो, आकडा तुम्ही सांगाल तो टाकू.' आता काय करायचं?

आधी कुर्ल्याचा मीटर उतरवा आणि मूळचा परत जोडा. तो कुणाला दिला असेल तर आजच्या आज मागून आणा. मूळ मीटर जोडल्यावर गाडी नेहमीसारखी सुरू होत असेल तर निम्मं दुखणं गेलंच. तुमचा मीटर मेलेला नाही, त्याचा फक्त पडदा गेलाय. आत मोजणी चालू आहे आणि आकडा जागच्या जागी आहे.

गाडी बंद का पडते ते कळलं की बाकीचं आपोआप कळेल. या पिढीच्या पोलो-व्हेंटोमध्ये इमोबिलायझर (परक्या किल्लीने इंजिन चालू न देणारी यंत्रणा) वेगळ्या डब्यात नसतो, मीटरच्या पोटातच असतो. किल्लीतल्या चिपशी बोलून 'ही आपलीच किल्ली' हे मीटर ठरवतो आणि मग ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, परवानगी देतो. परक्या गाडीचा मीटर ईसीयूला ओळखीचं उत्तर देऊ शकत नाही, म्हणून इंजिन पेट घेतं आणि लगेच तोडलं जातं. पेट्रोल पंप, इग्निशन कॉइल, सेन्सर यांचा इथे काही संबंध नाही. 'आता पंप बदलून बघू' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

एकदा एका गाडीशी जोडला गेलेला मीटर दुसऱ्या गाडीशी सरळ मार्गाने जोडता येत नाही. कंपनीचं ऑनलाइन काम नव्या, कोऱ्या मीटरसाठी असतं. वापरलेल्या मीटरसाठी उरतो तो चिपमधला मजकूर उचलून दुसरीकडे ओतायचा उद्योग. तो जमतो कुणाकुणाला, पण या मीटरमध्ये चिपमधला मजकूर प्रोसेसरशी बांधलेला असतो. नुसती आठ पायांची चिप इकडून तिकडे लावली की काम झालं, असं होत नाही. अर्धवट जमलं तर काटे हलतात, दिवे लागतात आणि किल्ली ओळखली जात नाही. तेव्हा या गाडीला माझा सल्ला एकच: मूळ बोर्ड दुरुस्त करा.

दुरुस्तीआधी आकडा कागदावर आणा. डिस्प्ले काळा असला तरी स्कॅनरला, म्हणजे गाडीतल्या संगणकांशी जोडून माहिती वाचणाऱ्या यंत्राला, तो दिसतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत मीटर हे १७ नंबरचं मॉड्यूल, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांपैकी एक. त्यात शिरून चालू मोजमापं उघडली की ओडोमीटरचा आकडा, टाकीतलं इंधन, बाहेरचं तापमान ओळीने येतं. त्याच बैठकीत सगळ्या मॉड्यूलचा पूर्ण स्कॅन काढून फाइल जपून ठेवा. मीटरचं कोडिंग (या गाडीसाठी त्यात भरलेली सेटिंग) त्यात येतं आणि पुढे ते लागणारच आहे. इंजिन किंवा एबीएसमध्ये जुने फॉल्ट नोंदलेले असतील तर प्रत्येक फॉल्टसोबत तो आला तेव्हाचे किलोमीटरही नोंदलेले असतात. मीटर पूर्ण मेला असेल तेव्हा हाच दुसरा साक्षीदार. तिसरा साक्षीदार म्हणजे शेवटच्या सर्व्हिसचं बिल.

इथे एक गफलत सर्रास होते. गाडीच्या तपासणी-सॉकेटला (ओबीडी) स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर 'अंतर' बघायचं आणि ते ओडोमीटर समजायचं. या वयाच्या गाड्यांत ते अंतर म्हणजे फॉल्ट कोड शेवटचे पुसल्यापासूनचं अंतर. दोन बाइटमध्ये बसवलेला तो आकडा ६५,५३५ च्या पुढे जातच नाही. १,१२,३८४ च्या गाडीवर १८ हजार दिसले म्हणून घाबरू नका आणि ते खरे मानून कुठे लिहूनही देऊ नका.

मीटर काढणं अवघड नाही, घाई करणाऱ्याला मात्र महागात पडतं. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, दोन-चार मिनिटं थांबा. स्टेअरिंग खाली येईल तेवढं खाली आणि बाहेर घ्या. भोवतीची पट्टी प्लास्टिकच्या पातीने उचला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला तर डॅशबोर्डवर उमटलेला वण गाडी विकेपर्यंत दिसतो. टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू काढून मीटर पुढे घ्या आणि मागच्या कनेक्टरचा लिव्हर पूर्ण उलटा फिरवून मगच ओढा. मीटर बाहेर असताना इग्निशन चालू करू नका. एअरबॅगसह पाच-सहा मॉड्यूल 'मीटर सापडत नाही' अशी तक्रार नोंदवून ठेवतात आणि एअरबॅगचा दिवा काही वेळा स्कॅनरने पुसल्याशिवाय जात नाही.

ओळी पुसट होत जाऊन डिस्प्ले गेला असेल तर बहुतेक वेळा काचेला चिकटवलेली पातळ रिबन सुटलेली असते. पुण्या-नागपूरच्या उन्हात काच वर करून उभ्या केलेल्या गाडीत ते व्हायचंच. ओळखायची खूण अशी: मीटर उघडून टेबलावर १२ व्होल्टच्या सप्लायवर चालू ठेवा आणि रिबनच्या कडेवर बोटाने हलकं दाबा. ओळी परत आल्या तर रिबन, नाही आल्या तर काच किंवा बोर्ड. रिबनवर साध्या कावियाने काम होत नाही, तापवलेल्या सपाट पट्टीच्या यंत्राने ती पुन्हा दाबावी लागते. मला विचाराल तर रिबनसकट नवा डिस्प्लेच टाकावा, दाबलेली रिबन दोन उन्हाळे काढेल याची खात्री कुणी देत नाही.

उघडताना काट्यांना हात लावायची वेळ येते आणि तिथेच चांगल्या कारागिराची परीक्षा असते. काटा ज्या दांड्यावर बसतो ती छोटी स्टेपर मोटर असते. बऱ्याच मीटरमध्ये एक्स२७.१६८ किंवा तिचीच भावंडं सापडतात: फिरण्याची मर्यादा ३१५ अंश, कॉइलचा रोध साधारण २८० ओहम. काटा उपटताना तिरका जोर लागला की आतला बारीक दात तुटतो आणि काटा अडकत फिरू लागतो. त्यामुळे काढण्याआधी काटा उलट्या दिशेने हलकेच टेकेपर्यंत फिरवून, तो कुठे थांबतो त्या जागेचा जवळून फोटो घ्या. परत बसवताना मोटर त्याच टोकाला नेऊन काटा त्याच जागी ठेवा. मग स्कॅनरच्या आउटपुट टेस्टने काटे ठरावीक जागी जातात का ते पाहा. वेगाचा काटा दोन अंश इकडेतिकडे बसला तरी ओडोमीटरला काही होत नाही. तो आकडा काट्यावरून मोजला जात नाही.

आता समजा बोर्डच जळला: पाणी शिरलं किंवा कुणी बॅटरी उलटी जोडली. मग नवा मीटर कंपनीकडूनच, तुमच्या चॅसिस नंबरवर. पार्ट नंबरातला मधला गट ९२० म्हणजे मीटर. खरा घोळ होतो शेवटच्या अक्षरात. दिसायला जुळे मीटर असतात, पण एकाला डिझेलचा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) असतो, तर दुसऱ्यात मल्टिफंक्शन डिस्प्ले नसतो. जुन्या मीटरच्या मागचं स्टिकर आणि नव्याचं खोकं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळा.

नवा मीटर घ्यायला जाताना गाडीच्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. इमोबिलायझरचं काम एकाच बैठकीत होतं आणि त्या वेळी हजर नसलेली किल्ली पुढे गाडी सुरू करत नाही. घरी कपाटात राहिलेली दुसरी किल्ली म्हणजे पुन्हा एक खेप आणि पुन्हा बिल. कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर हवा. साडेबारा व्होल्टच्या खाली उतरलेल्या बॅटरीवर, वर एसीचा पंखा चालू ठेवून कोडिंग करणारे पाहिले की तिथून गाडी उचलून न्यावीशी वाटते. मधेच व्होल्टेज बसलं तर मीटर अर्धवट अवस्थेत लटकतो.

आणि किलोमीटर भरणं. नव्या मीटरमध्ये जुनं रीडिंग भरायची सोय असते, पण एकदाच, फक्त वरच्या दिशेने आणि मीटरवर १०० किमी व्हायच्या आत. 'आधी चालवून बघू, आकडा नंतर भरू' असं म्हणून पुणे-मुंबई केलंत की ती खिडकी बंद. भरताना आकडा दहाच्या पटीत द्यायचा असतो: १,१२,३८४ साठी ११२३८, आणि मीटरवर १,१२,३८० उमटतात. चार किलोमीटर गेले तर जाऊ द्या. धोका आहे तो शून्याचा. घाईत एक आकडा जास्त पडला तर गाडी एका क्षणात लाखो किलोमीटर धावलेली होते आणि ते मागे घेता येत नाही. म्हणून आकडा एकाने टाकावा, दुसऱ्याने मोठ्याने वाचावा, मगच 'सेव्ह' दाबावं. मालक समोर असेल तर त्यालाच वाचायला लावावं. त्याच बैठकीत पुढच्या सर्व्हिसपर्यंतचे किलोमीटरही भरून घ्या, नाहीतर सर्व्हिसची आठवण देणारा पान्याचा दिवा आठवडाभरात पेटायला लागतो.

सगळ्या गाड्या पोलोसारख्या नसतात. साध्या मीटरच्या जुन्या गाड्यांत इमोबिलायझर वेगळा असतो आणि आकडा मीटरच्या बोर्डवरच्या एका आठ पायांच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर जपणाऱ्या चिपमध्ये) असतो: ९३सी४६, ९३सी५६, ९३सी६६ किंवा २४सी०२ ते २४सी१६ या मालिकेतली. तिथे त्याच पार्ट नंबरचा वापरलेला मीटर आणून जुन्या मीटरमधली मूळ चिप त्यात हलवणं हा सरळ मार्ग आहे. चिप हलवा, आकडा लिहू नका. फरक बारीक वाटतो, पण सगळा प्रामाणिकपणा त्यात आहे. चिप हलवली की गाडीचा आकडा तिच्या इतर नोंदींसकट जसाच्या तसा येतो. आकडा 'टाकायला' बसलं की टाकणाऱ्याच्या मर्जीचा येतो.

चिप काढायला हॉट एअर ३५० अंशांच्या आसपास, भोवती उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, शेजारच्या प्लास्टिकच्या खिडक्यांवर अॅल्युमिनियमची पट्टी. एक नंबरच्या पायाजवळचा ठिपका आधी बोर्डवर मार्करने उतरवून घ्या. उलटी बसलेली चिप पॉवर दिल्या दिल्या जाते आणि आकडाही तिच्याबरोबर जातो. म्हणून हलवण्याआधी प्रोग्रॅमरवर, म्हणजे चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर, वाचून प्रत ठेवायची. एकदा वाचून भागत नाही. तीनदा वाचायचं आणि तिन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघायच्या. बोर्डवरच क्लिप लावून वाचणारे पुष्कळ आहेत, पण प्रोग्रॅमरचा करंट मीटरच्या प्रोसेसरलाही जागा करतो, तोही चिपशी बोलू लागतो आणि हाती येतो तो कचरा. कधीकधी नुसता कचरा वाचला जात नाही, तर प्रोसेसर त्याच वेळी चिपवर काहीतरी लिहून मोकळा होतो. ९३ मालिकेत आणखी एक मेख: चिप ८ बिटने वाचायची की १६ बिटने हे ठरवणारा एक पाय असतो. प्रोग्रॅमरवर चुकीची निवड झाली की बाइट उलटसुलट दिसतात, आणि तीच फाइल दुसऱ्या चिपवर तशी लिहिली की मीटर शून्य, रेघा किंवा 'एरर' दाखवतो.

चिपमध्ये आकडा एकाच जागी शोधायला गेलात तर सापडायचा नाही. ईईप्रॉमचा एकेक कप्पा लाख ते दहा लाख वेळा लिहिता येतो. प्रत्येक किलोमीटरला तोच कप्पा वापरला तर तो आधी झिजेल, म्हणून मीटर आळीपाळीने वेगवेगळ्या कप्प्यांत लिहितो, प्रती ठेवतो आणि त्या एकमेकींशी जुळतात का तेही तपासतो. एखादी प्रत बिघडली तर बहुमताने खरा आकडा ठरतो. दहा-बारा वर्षांच्या गाडीत अचानक आकडा उडून रेघा येतात, त्यामागे पुष्कळदा यातलेच दोन-तीन कप्पे एकदम गेलेले असतात. अशा वेळीही चिपमधून शेवटचा शाबूत आकडा वाचता येतो, म्हणून ती चिप फेकून देऊ नका. त्याच चिपमध्ये इंधनाच्या काट्याचं कॅलिब्रेशनही असतं. डिझेल गाडीची चिप पेट्रोलच्या मीटरला लावली की आकडा बरोबर आणि काटे वेडे, असा प्रकार होतो.

काही गाड्यांत आकडा मीटरसोबत बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्येही (दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या संगणकात) असतो आणि दोन्हींत फरक पडला तर मोठा आकडा जिंकतो. तिथे 'चालतोय का बघू' म्हणून दीड लाखाचा वापरलेला मीटर दोन मिनिटं जोडलात तर तुमच्या सत्तर हजारांच्या गाडीला दीड लाख कायमचे चिकटतात. मूळ मीटर परत लावला तरी उतरत नाहीत. चाचणीसाठी परका मीटर जोडायचाच असेल तर टेबलावर, गाडीबाहेर, १२ व्होल्टच्या सप्लायवर.

दुचाकीचा केबलचा मीटर हा सगळ्यात सोपा. नवा मीटर शून्यावर येतो, आकडा भरायची सोय नसते, जुना आकडा लिहून ठेवायचा, झालं.

सुरुवातीचा आकडा बरोबर भरला तरी पुढची मोजणी बरोबर व्हायला हवी, आणि याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. एबीएस असलेल्या पोलोत अंतर एबीएसच्या चाक-सेन्सरवरून येतं आणि सेन्सरच्या किती पल्सला (ठोक्यांना) एक किलोमीटर धरायचा ते मीटरच्या कोडिंगमध्ये असतं. सुरुवातीला जपलेल्या स्कॅनची फाइल इथे कामी येते: जुन्याचं कोडिंग नव्यात तसंच गेलं पाहिजे. त्यात टायरचा फरक मिसळतो. १७५/७० आर१४ चा व्यास ६००.६ मिमी आणि १८५/६० आर१५ चा ६०३ मिमी, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. कंपनीने दोन्ही दिले ते याच हिशेबाने. पण कुणी दुकानदाराच्या आग्रहाखातर १९५/६० आर१५ टाकले की व्यास ६१५ मिमी. मग गाडी खरे १०,००० किमी धावते आणि ओडोमीटरवर ९,८०५ च्या आसपास दिसतात. टायर झिजले की उलट, मीटर किंचित जास्त दाखवतो.

तपासायचं तर टायरमध्ये सकाळी थंड असताना हवा भरा आणि द्रुतगती मार्गावर किलोमीटरच्या खांबांवरून ४० किमीचा टप्पा घ्या. ट्रिप मीटर एका खांबाशी शून्य करा, चाळिसाव्या खांबाशी वाचा. ट्रिप ०.१ किमीने पुढे सरकतो, म्हणजे एवढ्या टप्प्यावर वाचनातली चूक पाव टक्का. पाच किमीवर तपासलं तर तीच दोन टक्के होते आणि तपासणीला अर्थ राहत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबणार असाल तर बोगदे टाळा. भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत अंतर तुटतं. एक टक्क्याच्या आत फरक असेल तर हात लावू नका. आणि वेगाचा काटा जीपीएसपेक्षा जास्त दाखवतो म्हणून ओडोमीटरही जास्त मोजत असणार, हा समज सोडा. युरोपीय नियमात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालतं. म्हणजे खऱ्या ८० ला ९२ पर्यंत. ही वाढ काट्यापुरती मुद्दाम ठेवलेली असते.

कागदाचं काम बोर्डाच्या कामाइतकंच महत्त्वाचं. बिलावर तारीख, जुन्या आणि नव्या मीटरचा पार्ट व सीरियल नंबर, जुना काढतानाचं रीडिंग आणि नव्यावर भरलेलं रीडिंग हे सगळं लिहून घ्या. दोन्ही मीटरचे चालू अवस्थेतले फोटो आणि चॅसिस नंबरचा फोटो त्याच दिवशी काढा. आकडा भरता आलाच नाही तर फरक लिहून ठेवा: जुन्यावर १,१२,३८४ आणि नवा ६ वर सुरू झाला असेल तर यापुढे दिसणाऱ्या आकड्यात १,१२,३७८ मिळवायचे. अमेरिकेत याचा कायदाच आहे. आकडा जुळवता आला नाही तर ओडोमीटर शून्यावर आणायचा आणि आधीचं रीडिंग व तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची. आपल्याकडे सक्ती नसली तरी तसं स्टिकर लावलेलं मी पसंत करतो. पुढच्या गिऱ्हाइकाला समजावत बसावं लागत नाही.

विमा कंपनीला एक ईमेल टाका. २०२२ च्या जुलैत विमा नियामक आयआरडीएआयने 'जेवढं चालवाल तेवढं' धर्तीच्या जोड-पॉलिसींना वाट मोकळी केली. तुमची तशी पॉलिसी असेल तर आकड्याची उडी न कळवता राहू देणं दाव्याच्या वेळी अंगाशी येतं. वाढीव वॉरंटीचंही तसंच.

तुमच्या गॅरेजवाल्याचं 'सांगाल तो आकडा' राहिलं. १,१२,३८४ च्या गाडीवर ४१ हजार तसेच ठेवून ती विकली तर ती सरळ फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ तिला लागतं. पकडलंही सहज जातं, कारण सर्व्हिसची नोंद शोरूमच्या संगणकात असते आणि फॉल्टसोबतचे किलोमीटर मॉड्यूलमध्ये. काही कारणाने तोच वापरलेला मीटर लावावा लागला तरी खरा आकडा बिलावर घ्या आणि विक्रीच्या कागदावरही लिहा.

जुना मीटर एक्स्चेंजमध्ये देऊ नका, जळलेला असला तरी. त्यात तुमच्या इमोबिलायझरची माहिती आहे आणि १,१२,३८४ चा मूळ पुरावाही. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, काढल्याची तारीख लिहून आरसीच्या फाइलसोबत ठेवा.